मुंगूस एक, मुंगसं दोन: इंग्रजीत अनेकवचन कसं करायचं

इंग्रजीत मुंगसाला मॉन्गूस म्हणतात आणि हा शब्द इंग्रजांनी आपल्या मराठीतूनच उचललाय, कुठलीही बरी डिक्शनरी उघडून बघा, मूळ शब्द मराठी मुंगूस असाच दिलेला सापडेल. परवा भाचीचा अभ्यास घेत बसलो होतो तर ती म्हणते, मामा, गूसचं गीज होतं ना, मग मॉन्गूसचं मॉन्गीज का नाही? प्रश्न एकदम बरोबर आहे. गूस हा इंग्रजांच्या घरातला हजार वर्षं जुना शब्द, त्याचं अनेकवचन जुन्या पद्धतीने होतं, आणि मॉन्गूस हा बाहेरून आलेला पाहुणा, त्याला नंतरचा साधा सरळ नियम लागला म्हणून त्याचं मॉन्गूसेस. शब्द कुठल्या आवाजावर संपतो आणि तो आला कुठून, एवढ्या दोन गोष्टी विचारायची सवय लावून घेतली ना, तर पाठांतराचा निम्मा त्रास वाचतो. खाली जे लिहिलंय ते ह्याच दोन प्रश्नांवर लिहिलंय.

हे कोणासाठी, तर मराठी मीडियममधून आलेल्यांसाठी, ज्यांना इंग्रजी वाचता येतं पण मेल लिहिताना एस लावू की नको असं होतं त्यांच्यासाठी, आणि मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आईबाबांसाठी. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं, आता २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून आहे, तरी चुका बघितल्या तर त्याच त्या.

आधी लिंग विसरा

मराठीत अनेकवचन करायला आधी लिंग माहीत लागतं. आंबा पुल्लिंगी म्हणून आंबे, पण शाळा स्त्रीलिंगी म्हणून शाळाच राहते. माळेच्या माळा होतात आणि भिंतीच्या भिंती, दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही अकारान्त, मग एकीला आ आणि दुसरीला ई का ते नुसत्या शब्दाकडे बघून सांगता येत नाही. घर घरं, वही वह्या, दगड दगड. हे सगळं तुम्ही शाळेत जायच्या आधीच शिकलात. इंग्रजीत वस्तूंना लिंगच नाही, टेबल असो नाहीतर खुर्ची, विचार फक्त शेवटच्या आवाजाचा. म्हणजे काम खरं तर सोपं झालंय.

पायरी १: हे मोजता येतं का?

पुस्तकात हा भाग शेवटी असतो, मी मुद्दाम पहिला घेतोय, कारण आपल्या चुका एस कसा लावायचा ह्याच्यात कमी होतात आणि एस लावायचाच नव्हता तिथे लावल्यामुळे जास्त होतात. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या महिन्यात मेलमध्ये इन्फर्मेशन्स लिहिलेलं आणि ते चाळीस जणांना गेलेलं. गंमत अशी की मराठीत आपण माहित्या कधीच म्हणत नाही! माहिती ही मराठीतही मोजायची गोष्ट नाही. तेव्हा हा एक शब्द तरी आपल्या कानाला विचारला तर चुकत नाही.

पण सगळीकडे कान कामाला येत नाही. सल्ला घ्या. मराठीत लोक दहा सल्ले देतात, इंग्रजीत अॅडव्हाइसला एस लागत नाही म्हणजे नाही, फारच मोजायचे असतील तर पीसेस ऑफ अॅडव्हाइस. पैसे आपल्याकडे अनेकवचनी, पैसे संपले म्हणतो, इंग्रजीत मनी एकवचनी आणि त्याच्यापुढे इज येणार, आर नाही. तांदूळ आणले, गहू निवडले, पोहे भिजवले असं आपण अनेकवचनात बोलतो, कारण दाणे डोळ्यासमोर असतात, इंग्रजीत राइस आणि व्हीट म्हणजे एक अख्खा ढीग, त्याला एकवचन. केसांचंही तेच, केस पांढरे झाले हे मराठीत अनेकवचन, इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून एक हेअर. हेअर्स म्हटलं की आमटीत सापडलेले दोन केस असा अर्थ होतो!

फर्निचर, लगेज, होमवर्क, इक्विपमेंट, सॉफ्टवेअर, ट्रॅफिक, ह्या कशालाच एस नाही. फर्निचर्स आणि लगेजेस हे दोन शब्द आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांवर इतके रंगवलेले असतात की डोळ्याला बरोबर वाटायला लागतात. युक्ती एकच, शब्दाच्या आधी एक दोन तीन असे आकडे लावून बघा, टू चेअर्स चालतं, टू फर्निचर चालत नाही, मग एस पण नाही. आता ब्रेड. मराठीत आपण दोन ब्रेड दे म्हणतो म्हणजे दोन स्लाइस, इंग्रजीत ते टू स्लाइसेस ऑफ ब्रेड.

पायरी २: साधा एस, पण आवाज तीन

बुक बुक्स, पेन पेन्स, स्कूल स्कूल्स, टेबल टेबल्स. बहुतेक शब्द इथेच संपतात. लिहिताना काही नाही, शेवटी एस टाका. बोलताना मात्र आपण एक गोष्ट सरसकट चुकतो. देवनागरीत आपण बुक्सलाही स लिहितो आणि पेन्सलाही स, पण इंग्रज पेन्सच्या शेवटी जवळजवळ झ म्हणतो, पेन्झ. डॉग्झ, बॉईझ, टेबल्झ. स फक्त प, ट, क, फ आणि थिंकमधला थ ह्यांच्यानंतर, म्हणजे कॅप्स, कॅट्स, बुक्स, मन्थ्स. गळ्यावर बोट ठेवून शब्दाचा शेवटचा आवाज काढा, गळा थरथरला तर झ, नाही थरथरला तर स. पाच मिनिटं करून बघा, घरातले हसतील, पण परत विसरणार नाही.

तिसरा आवाज पुढच्या पायरीत.

पायरी ३: एस लावला तर जीभ अडखळते, म्हणून ई-एस

बस ह्या शब्दाच्या शेवटी आधीच स आहे. त्याला परत स लावला तर कोणाला ऐकूच येणार नाही की अनेक झाले. म्हणून मधे एक स्वर घालतात आणि बसेस होतं. बॉक्स बॉक्सेस, क्लास क्लासेस, मॅच मॅचेस, ब्रश ब्रशेस, डिश डिशेस. म्हणजे शेवटी एस, एक्स, झेड, सी-एच किंवा एस-एच असेल तर ई-एस. ह्यातले निम्मे शब्द आपण मराठीतच वापरतो, शिकवणीचे क्लासेस, एसटीच्या बसेस, तेव्हा कान तयार आहे. क्विझला मात्र झेड डबल करून मग ई-एस लावायचा.

अक्षरापेक्षा आवाज मोठा कसा ते स्टमकमध्ये दिसतं. स्पेलिंगच्या शेवटी सी-एच आहे पण आवाज क आहे, च नाही, म्हणून नुसता एस, स्टमक्स. मोनार्कचंही तसंच. आणि रोझ, पेज, ब्रिज असे शब्द ज्यांच्या शेवटी ई आधीच बसलेला आहे त्यांना लिहिताना फक्त एस लावतात, पण बोलताना रोझेस, पेजेस असा एक जास्तीचा ठोका येतोच. हाउसची तर आणखी मजा, एक असेल तर शेवटी स, अनेक झाली की हाउझेस, आतला सुद्धा झ होतो. असं वागणारा हा एकटाच शब्द आहे.

पायरी ४: शेवटी वाय

वाय असेल तर एकच बघायचं, त्याच्या आधी काय आहे. आधी व्यंजन असेल तर वाय काढून आय-ई-एस. सिटी, बेबी, कंट्री, स्टोरी, फॅमिली, ह्या सगळ्यांचं असंच. आधी ए, ई, ओ, यू असा स्वर असेल तर वायला हात लावायचा नाही, बॉय, की, डे, टॉय, मंकी ह्यांना नुसता एस. मंकीचं स्पेलिंग आय-ई-एस करणारे भरपूर भेटतात, पण तिथे वायच्या आधी ई आहे, बघा.

लक्षात ठेवायला मी भाचीला नदी सांगितली. नदीचं नद्या होतं, वहीचं वह्या, म्हणजे आपल्याकडे ई जाऊन य येतो. इंग्रजीत बरोब्बर उलटं, वाय जाऊन आय येतो. तिला हे फार आवडलं, नंतर दिवसभर ती गोष्टींना गोष्ट्या म्हणत होती, ते सोडा.

नावांना मात्र हे लावत नाहीत. केनेडी घराण्याबद्दल लिहायचं तर वाय तसाच ठेवून पुढे एस. माणसाच्या नावाचं स्पेलिंग मोडायचं नाही असा साधा हिशोब आहे.

पायरी ५: शेवटी ओ

इथे खरं सांगायचं तर पक्का नियम नाही, कल आहे. पोटॅटो, टोमॅटो, हीरो, एको, व्हेटो ह्यांना ई-एस. फोटो, पियानो, किलो, ऑटो असे जे शब्द लांब नाव तोडून किंवा इटालियनमधून आलेत त्यांना नुसता एस. ओच्या आधी अजून एक स्वर असेल तर नक्की नुसता एस, रेडिओ, व्हिडिओ, स्टुडिओ, झू. मँगोला दोन्ही चालतं, त्यामुळे हापूसच्या पेटीवर काय छापलंय त्यावरून कोणाशी भांडू नका.

पोटॅटोचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९९२ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या एका शाळेत गेलेले, स्पेलिंगची स्पर्धा चालू होती, बारा वर्षांच्या मुलाने फळ्यावर पोटॅटो अगदी बरोबर लिहिलं आणि साहेबांनी त्याला शेवटी एक ई जोडायला लावला. कॅमेरे समोर होते! त्यांच्या हातातल्या कार्डावरच चुकीचं लिहिलेलं होतं, पण नाव त्यांचं खराब झालं ते झालंच. तर हा ई फक्त अनेकवचनात येतो. एका बटाट्याला ई नाही.

पायरी ६: फ चा व

नाइफ नाइव्ह्ज, वाइफ वाइव्ह्ज, लीफ लीव्ह्ज, हाफ, शेल्फ, थीफ, वुल्फ, लोफ, सगळ्यांचा एफ जाऊन व्ही आणि ई-एस. हे असं का होतं, तर जुन्या इंग्रजीत दोन स्वरांच्या मधे सापडलेला फ आपोआप व सारखा बोलला जायचा, आणि अनेकवचनाच्या प्रत्ययात तेव्हा स्वर होता, म्हणून फ मधे सापडायचा. फ्रेंचमधून नंतर आलेल्या चीफ, शेफ, प्रूफ, सेफ ह्यांना ती जुनी सवय लागलीच नाही, तिथे नुसता एस. रूफ जुना असूनही रूफ्स, क्लिफ क्लिफ्स. स्कार्फला दोन्ही चालतात. आणि कॅनडात टोरांटोची आइस हॉकी टीम आहे, तिचं नाव मेपल लीफ्स, लीव्ह्ज नाही. ती टीम आहे, पानं नाहीत, म्हणून साधा एस.

पायरी ७: घरातले जुने शब्द

मॅन मेन, फूट फीट, टूथ टीथ, गूस गीज, माउस माइस, लाउस लाइस. लाउस म्हणजे ऊ, आणि मराठीत उवेच्या उवा. हे शब्द थोडेच आहेत आणि रोजचे आहेत, म्हणून टिकलेत. फार जुन्या काळी ह्यांनाही शेवटी प्रत्यय लागायचा आणि त्यात इ सारखा आवाज होता, त्या इ ने मधल्या स्वराला आपल्याकडे ओढलं, मग प्रत्यय गळून पडला आणि ओढलेला स्वर तेवढा राहिला. बुक सुद्धा कधीकाळी ह्याच गटात होतं, नंतर लोकांनी त्याला एस लावून टाकला. मुंगूस इंग्रजीत पोचेपर्यंत हा सगळा खेळ कधीच संपलेला होता.

वुमनचं लिहिताना फक्त ए चा ई होतो पण बोलताना पुढचा भाग बदलतो, विमेन. वुमेन म्हणू नका.

चाइल्डचं चिल्ड्रन. हा तर डबल अनेकवचनी शब्द आहे. आधी त्याचं अनेकवचन र लावून व्हायचं, मग लोकांना ते पुरेसं वाटेना म्हणून त्यावर ऑक्सचं ऑक्सन होतं तसा न चढवला. आणि आपण काय करतो, तर त्यावर अजून एक एस चढवून चिल्ड्रन्स करतो! मुलांचा पार्क, मुलांचा वॉर्ड असं च्या ची चे असेल तर चिल्ड्रन, मग अपोस्ट्रॉफी, मग एस, ते ठीक आहे. नुसती मुलं म्हणजे चिल्ड्रन.

पायरी ८: न बदलणारे, आणि दिसतात तसे नसलेले

शीप, डिअर, एअरक्राफ्ट, सीरीज, स्पीशीज, एक असो नाहीतर शंभर, शब्द तोच. आपल्याला ह्याचं नवल वाटायचं कारण नाही, आपला हत्ती, दगड, शाळा तेच करतात, एक की अनेक ते शाळा होती आणि शाळा होत्या ह्या क्रियापदावरून कळतं.

जोडीच्या वस्तू वेगळ्या. कात्री मराठीत एक, चष्मा एक, इंग्रजीत सिझर्स, ग्लासेस, ट्राउझर्स, जीन्स कायम अनेकवचनी, कारण दोन पाती, दोन काचा, दोन पाय. माय ग्लासेस आर ब्रोकन म्हणायचं, इज नाही. एकच कात्री सांगायची तर अ पेअर ऑफ सिझर्स.

उलटं न्यूज, मॅथेमॅटिक्स, फिजिक्स, मीझल्स. शेवटी एस दिसतो पण एकवचनी, द न्यूज इज गुड. आणि पोलीस, पीपल ह्यांना एस दिसत नाही पण अनेकवचनी, द पोलीस आर कमिंग. एकटा हवालदार आला तर पोलीस ऑफिसर म्हणा.

मराठीत येताना ह्या शब्दांनी अजून गंमत केलीय. लेडीज हे लेडीचं अनेकवचन, पण बसमध्ये कंडक्टर सर्रास म्हणतो, एक लेडीज उतरायच्यात. मराठीत चालतंय, चालू द्या, इंग्रजी लिहिताना मात्र एक असेल तर लेडी. इंग्रजांनीही असले घोटाळे केलेत, वाटाण्याला त्यांच्याकडे आधी पीझ असा शब्द होता, एकवचनी, त्यांना वाटलं शेवटचा झ अनेकवचनाचा आहे, तो काढून त्यांनी पी असा नवीन शब्दच बनवला.

पायरी ९: लॅटिन आणि ग्रीक पाहुणे

कॉलेज आणि ऑफिसमध्ये लागतात तेवढेच देतो. क्रायसिस, अॅनालिसिस, थीसिस, बेसिस ह्यांच्या शेवटच्या आय-एसचं ई-एस, बोलताना सीझ. क्रायटेरियन एक, क्रायटेरिया अनेक, त्यामुळे वन क्रायटेरिया आणि क्रायटेरियाज दोन्ही चूक. फिनॉमेननचं फिनॉमेना. फंगसचं फंगाय. सिलॅबस, इंडेक्स ह्यांचं लॅटिन पद्धतीनेही होतं आणि साधं ई-एस लावूनही. डेटा मुळात डेटमचं अनेकवचन, पण आता बहुतेक जण त्याला एकवचनी धरतात, माझ्या मते नवशिक्याने तिथे डोकं लावू नये.

ऑक्टोपसचं मात्र ऑक्टोपाय करू नका. तो ग्रीक शब्द आहे, लॅटिन नियम त्याला बसत नाही, ऑक्टोपसेस म्हणा आणि पुढे चला.

पायरी १०: वाक्यात बसवताना

शब्द बरोबर आला तरी वाक्यात घोळ होतो. सगळ्यात जास्त ऐकलेली चूक, वन ऑफ माय फ्रेंड. मराठीत माझा एक मित्र म्हणतो म्हणून एकवचन तोंडात येतं. पण वन ऑफ म्हणजे पुष्कळांपैकी एक, म्हणून फ्रेंड्स हवंच, आणि पुढचं क्रियापद त्या एकाचं, वन ऑफ माय फ्रेंड्स इज अ डॉक्टर.

दुसरी चूक आदराची. सर आले, बाबा जेवले, आजी गेल्या, असं आपण मोठ्यांसाठी अनेकवचन वापरतो आणि तेच इंग्रजीत नेऊन माय फादर आर म्हणतो. इंग्रजीत वडील कितीही मोठे असले तरी माय फादर इज. अपमान होत नाही, खरंच.

आकड्यांमध्ये, टू हंड्रेड रुपीज, हंड्रेड्स नाही, पण शेकडो लोक असं मोघम म्हणायचं तर हंड्रेड्स ऑफ पीपल. दीड तास अनेकवचनी, वन अँड अ हाफ अवर्स, शून्यालाही अनेकवचनच, झिरो मार्क्स. पण टेन-इयर-ओल्ड बॉय, फाइव्ह-रुपी कॉइन, इथे मोजमाप पुढच्या नामाचं विशेषण झालं म्हणून एस गळतो.

अपोस्ट्रॉफी, म्हणजे तो वर लटकवलेला स्वल्पविराम, अनेकवचनासाठी नाहीच. ढाब्याच्या पाटीवर रोटीला अपोस्ट्रॉफी एस लावलेला असतो, त्याचा अर्थ रोटीचा, रोटीची, रोटीचे. आमदारांचं एमएलए असेल तरी नुसता छोटा एस जोडा. इंग्लंडमधले भाजीवालेही हीच चूक करतात आणि तिकडे तिला नावच पडलंय, भाजीवाल्याचा अपोस्ट्रॉफी.

राहिली नाती. जाऊ, नणंद, वहिनी, मेहुणी, आपल्याकडे प्रत्येकीला वेगळा शब्द आणि वेगळं अनेकवचन, जावा, नणंदा, वहिन्या, मेहुण्या, तिकडे सगळ्या सिस्टर-इन-लॉ. अनेक असल्या तर एस सिस्टरला लावायचा, लॉला नाही, सिस्टर्स-इन-लॉ. सासवांचं पण तसंच, मदर्स-इन-लॉ.